टरफलांचा फोम आणि राजव्वाची भिंत

रबराच्या फोमच्या कारखान्यात होतो असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, गादी कुठली घ्यावी? पाठ धरलेल्या नातेवाइकांना माझ्या उभ्या नोकरीतून एवढंच हवं असतं. मी त्यांना सतरंजीवर झोपायला सांगतो. त्यांना वाटतं, म्हातारा खवट झाला. झालोच आहे. आता या अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ म्हणून निरोप आला, तेव्हा आधी नाहीच म्हणणार होतो. गमती मोजक्याच आहेत. त्या सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी वाट बघत बसायला नको.

आमचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीत. चारी बाजूंनी टॉवेल आणि चादरींचे माग, आणि मध्ये आमची एक शेड, जिच्यातून अमोनियाचा वास यायचा. मालक चनबसप्पा. घरी कानडी, कामगारांशी मराठी, आणि संतापले की दोन्ही एकदम. मी बी.एस्सी. झालेला, म्हणून पगारपत्रकावर ‘केमिस्ट’. प्रत्यक्षात चीक मोजण्यापासून टेम्पोवाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात.

फोम करायचा कसा, ते थोडक्यात सांगतो. रबराच्या झाडाचा चीक केरळातून पिंपांत भरून यायचा. दिसायला दूध, पण झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी काढायचा, कारण नासू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असे. त्यात साबण, गंधक आणि जस्ताची पांढरी भुकटी घालून मोठ्या यंत्रात फेटायचं. फेस फुलला की गोठवायचं औषध टाकायचं, साच्यात ओतायचं आणि इडलीसारखं वाफवायचं. मग धुवायचं, पिळायचं, वाळवायचं. औषध लवकर पडलं तर यंत्रातच गोळा व्हायचा, उशिरा पडलं तर फेस बसायचा. दोन्ही वेळा मालकांच्या शिव्या त्याच.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि चिकाचा भाव चढत होता. मालकांनी एक दिवस मला बोलावलं.

“ह्यात कायतरी भर घाला की. पीठ-बीठ.”

“कसलं पीठ, मालक?”

“कसलंबी. फुकटचं पायजे. तुमी शिकलेले हाव न्हवं?”

म्हणजे हेतू सरळ सरळ भेसळीचा. सोलापुरात फुकट काय मिळतं, याचा विचार केला तर तेलाच्या घाण्यांमागे शेंगांच्या टरफलांचे ढीग दिसले. लोक ती चुलीत घालायचे. मी पोतीच्या पोती आणली, भरडली आणि चिकात टाकली. फेस वर यायच्या आधीच खाली बसला. टरफलांना शेंगदाण्याचं तेल लागलेलं होतं, आणि तेल हा फेसाचा वैरी. मग ती सोड्यात उकळली, धुतली, वाळवली. धुवायला पाणी लागायचं, आणि दुष्काळ सरला तरी पाण्याची बोंब होतीच. टँकरवाला म्हणायचा, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही टरफलांना आंघोळ घालताय.

दळायचं हे आणखी एक संकट. पिठाच्या गिरणीवाल्यानं एकदाच दळून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात बायका ज्वारीचं पीठ घेऊन भांडायला उभ्या होत्या. मग मी मिरची कांडपावर नेली. त्या घाण्याचा फोम तांबूस झाला आणि तो धुणारे कामगार दिवसभर शिंकत राहिले. शेवटी मालकांनी भंगारातलं एक जातं आणलं. गमतीजमती म्हणतात त्या या.

तर असा तपकिरी, खडबडीत फोम तयार झाला. गादीला काही कामाचा नाही. अंगाला टोचायचा आणि जास्त भुकटी पडली की कोपरे मोडायचे. ते वाया गेलेले तक्ते मी मालकांच्या केबिनच्या पत्र्याला टेकवून रचून ठेवले. मालक ट्रंक कॉलवर बेंबीच्या देठापासून ओरडत, कारण पत्र्यापलीकडे फेटायचं यंत्र धडधडायचं. त्या दिवशी ते नेहमीसारखे ओरडायला लागले आणि मध्येच थांबून बाहेर आले. “यंत्र बंद का केलं?” यंत्र चालूच होतं.

भेसळ करायला निघालो आणि हाताला वेगळंच काही लागलं. मी गजराचं घड्याळ लाकडी खोक्यात ठेवून, आतून कधी साधा फोम, कधी टरफलांचा फोम लावून ऐकत बसलो. आवाज मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठून येणार? माझे कान हेच यंत्र. पण फरक इतका उघड होता की यंत्राची गरज नव्हती. साध्या फोमची भोकं गोल, गुळगुळीत आणि बरीचशी बंद असतात. टरफलाचा कण मध्ये घुसला की भोकाची भिंत फाटते, एक भोक दुसऱ्याला जोडलं जातं आणि आत वेडेवाकडे बोळ तयार होतात. आवाज म्हणजे हवेचे धक्के. ते धक्के त्या बोळांत शिरतात आणि घासून घासून दमतात. फोम जडही होतो, त्यामुळे आवाजाबरोबर स्वतः थरथरत नाही. भुकटी किती घातली की आवाज मरतो आणि तक्ताही मोडत नाही, हे शोधायला मला पुरा उन्हाळा लागला. ते प्रमाण माझं. त्याचा मला अभिमान होता आणि आहे.

पहिलं गिऱ्हाईक सात रस्ता चौकातले एक वकील. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीला लागून पानाचा ठेला होता, आणि अशिलानं हळू आवाजात सांगितलेलं गुपित संध्याकाळपर्यंत ठेल्यावर चघळलं जायचं. आम्ही भिंतीला लाकडी चौकट ठोकून, मध्ये हवेची जागा सोडून फोम लावला. आठवड्यानं वकील तक्रार घेऊन आले. “गुपितं राहिली, पण आता मी चहा सांगितलेलाही त्याला ऐकू जात नाही. मला उठून जावं लागतं.” मी खूप हसलो होतो. सगळ्या कारखान्याला ती गोष्ट रंगवून सांगितली होती.

मग नरसय्या आला.

नरसय्या पद्मशाली, शहराच्या पूर्व भागातला तेलुगू विणकर. चादरींचे चार माग, तेही घरातच. पुढच्या पत्र्याच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक भिंत. मागांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. चार माग चालू झाले की त्या घरात कुणी बोलत नसे. हातवारे करत, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडत. त्याची बायको राजव्वा चाळिशीची. भिंतीपलीकडे बसून दिवसभर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची रिळासारखी नळी. धोटा मागावर इकडून तिकडे पळतो, कांडीतलं सूत संपतं, माग थांबतो, नवी कांडी लागते. भिंतीत त्यासाठी एक खिडकी ठेवलेली. राजव्वा तिच्यातून कांड्या द्यायची.

“सायब, हिचा डावा कान गेलाय,” नरसय्या म्हणाला. “डाक्टर म्हणला, उजवा अजून हाय, तेवढा संबाळा. आवाजातनं काढा म्हणला. आता कुटं काढू? घर हितंच, माग हितंच.”

राजव्वा त्याच्या मागे उभी होती. तिला काही ऐकू आलं नसावं, पण काय चाललंय ते कळत होतं. तिनं उजव्या कानावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “एवढा तरी ऱ्हाऊ दे, अण्णा.” नेहमी ओरडून बोलायची सवय, त्यामुळे तेही ओरडूनच म्हणाली.

मालकांनी नमुना म्हणून माल द्यायला होकार दिला. त्यात धर्म नव्हता. पूर्व भागात अशी घरं किती, याचा अंदाज त्यांनी मनातल्या मनात केला होता. मी मात्र त्या कामात जीव ओतला. मागांच्या बाजूनं भिंतीला आणि वर पत्र्याला फोम. दाराला दुहेरी फळी. आणि त्या खिडकीला जाडजूड झडप, दोन फळ्यांमध्ये फोम भरून, कडेनं रबराची पट्टी. भिंत कितीही चांगली केली आणि तिच्यात वीतभर भोक ठेवलं, तर आवाज त्या भोकातून सगळाच्या सगळा येतो. म्हणून मी नरसय्याला बजावलं, कांडी द्यायची तेवढीच झडप उघडायची, आणि लगेच लावायची.

काम संपल्यावर माग चालू केले. मी, राजव्वा आणि तिची सासू आतल्या खोलीत उभे होतो. झडप लावली. माग लांब कुठेतरी, गल्लीच्या टोकाला चालल्यासारखे झाले. राजव्वा काहीतरी बोलली आणि दचकून गप्प झाली. मग पुन्हा बोलली, “माजा आवाज एवढा मोटा हाय व्हय?” आणि हसायला लागली. तिनं हात हलवून बांगड्या वाजवल्या, ऐकल्या. स्टोव्ह पेटवला आणि त्याचा आवाज ऐकत उभी राहिली. मला चहा दिला तो कसा होता आठवत नाही, पण तिनं “साखर पुरे का, अण्णा?” हे हळू आवाजात विचारलं होतं. माझे डोळे भरून आले. अमोनियाशिवाय, नोकरीत पहिल्यांदाच.

सासू तेवढी तोंड पाडून बसली होती. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. नरसय्यानं सांगितलं, “ती म्हणती, घरात कोण मेल्यावानी वाटतंय.” विणकराच्या घरात शांतता म्हणजे माग बंद. माग बंद म्हणजे सूत नाही, नाहीतर संप, नाहीतर मयत. म्हातारीला त्या शांततेत झोप येईना. मी म्हटलं, होईल सवय.

राजव्वाला झाली. मी दोन-तीनदा सहज डोकावलो. कांड्या भरताना ती गुणगुणायची. सासूनं नरसय्याकरवी सांगितलं, लग्न होऊन आल्यापासून हिचा गाण्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. मालक शेजारच्या मागवाल्यांना आणून दाखवू लागले. “येनप्पा, कसं हाय?” असं अर्धं कानडीत विचारत झडप उघडून लावून दाखवायचे. दोघांनी तर आपापल्या भिंतींची मापंही घेऊन ठेवली.

आणि एका दुपारी धोटा उडाला.

धोटा दोन्ही टोकांना लोखंडी टोपी बसवलेला, अणकुचीदार असतो. तो जोरात पळत असतो आणि कधी वाट सोडून बाहेर उडतो. मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. मागांवरचे दोन्ही कामगार जेवायला गेले होते. नरसय्या एकटा होता. कोपऱ्यातल्या मागाचा धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो खाली पडला. तो माग थांबला, बाकीचे तीन चालूच राहिले. तो राजव्वाला हाका मारत होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. सरपटत भिंतीपर्यंत गेला, भिंत बडवली. पण भिंतीवर माझा फोम होता. त्यात मूठ रुतायची, आवाज होत नव्हता. झडप त्याचा हात पोचणार नाही इतकी वर होती. पलीकडे राजव्वा कांड्या भरत गुणगुणत होती. जेवून आलेल्या कामगारांनी दार उघडलं तेव्हा तिला कळलं.

जीव वाचला. डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी डोळा राहिला नसता. मी ते राजव्वाला सांगितलं. दवाखान्याच्या आवारात उभं राहून, तिच्या उजव्या कानाशी वाकून, दोनदा सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. मग म्हणाली, “व्हय अण्णा. पर ते वरडत व्हते आन् मी गाणं म्हणत व्हते.”

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिनं विळ्यानं फोम फाडून काढला होता. स्वतःच्या हातानं, भिंतीवरचा, दाराचा, सगळा. झडप बिजागऱ्यांसकट उपटली होती. मला आधी वाटलं नरसय्यानं करायला लावलं, म्हणून मी त्याच्यावर चिडलो. तो डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर पडला होता. तो म्हणाला, “मी न्हाय सायब. मी नको म्हणलो हिला.”

मग मी राजव्वाला समजवायला बसलो. धीर सोडला नव्हता, कारण उपाय सोपा होता. झडपेच्या जागी जाड दुहेरी काच बसवू. पलीकडचं सगळं दिसेल, आवाज येणार नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं.

“काच नको,” ती म्हणाली.

“का पण? डोळ्यांनी दिसेल की.”

“डोळा कांडीवर असतोय, अण्णा. हातबी कांडीवर. कान तेवढा मोकळा असतोय.” आणि तिनं मला सांगितलं ते असं: कुठला माग थांबला ते तिला आवाजावरून कळायचं, म्हणून त्या मागाला लागणाऱ्या रंगाची कांडी ती आधीच खिडकीत धरायची. सूत तुटलं की आवाज वेगळा, कांडी संपली की वेगळा. फोम लावल्यापासून नरसय्याला दर वेळी झडप ठोकून मागावं लागत होतं. चादरी कमी निघत होत्या. तो माझ्यापाशी बोलला नव्हता, कारण बायकोचा कान वाचत होता. आणि ती बोलली नव्हती, कारण तिला ती शांतता आवडायला लागली होती.

“कान वाचवून घरात बसू, आन् माणूस तिकडं मरू दे?” ती म्हणाली. हे मात्र तिनं ओरडून म्हटलं नाही.

माग दुसरीकडे न्या, हे एकच खरं उत्तर होतं, आणि ते देणं मला शोभलं नसतं. चार मागांच्या घरवाल्याला वेगळी शेड कुठून परवडणार? मला राग आला होता. तिचा नाही, नरसय्याचा नाही. ज्या गावाच्या चादरी देशभर अंथरल्या जातात, त्या गावात विणणाऱ्याला आपला कान आणि आपलं माणूस यांतलं एक निवडावं लागतं, याचा राग. तो अजून गेलेला नाही.

मालकांना हे कळल्यावर त्यांनी काय केलं? टेम्पो पाठवला. “फाटलेला असला तरी आपला माल हाय,” म्हणाले. राजव्वानं उपटलेले तुकडे त्यांनी गोळा करून आणले, कापले, आणि एका ट्रकवाल्याला सीटमध्ये भरायला विकले. मापं घेऊन ठेवलेले दोघे पुन्हा फिरकले नाहीत. पूर्व भागात बोभाटा झाला की शेंगांच्या फोमनं नरसय्याचा डोळा खाल्ला. मालकांनी टरफलांचा ढीग उचलून टाकायला सांगितला आणि मला पुन्हा गाद्यांवर बसवलं. त्या फोमनं आवाज अडवला नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी सुधारणा केली असती. त्यानं आवाज अडवला, हेच त्याचं चुकलं. यावर केमिस्टनं काय करायचं असतं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पुढे मुंबईहून स्वस्त स्पंज यायला लागला, चिकाची पिंपं बंद झाली आणि कारखान्याला कुलूप लागलं. मी एका रंगाच्या दुकानात हिशेबाला बसलो.

सात-आठ वर्षांनी नरसय्या दुकानात आला. मुलाचं लग्न झालं होतं, घराला रंग द्यायचा होता. एक डोळा काचेचा, पण ताठ. म्हणाला, घरी या की, ही आठवण काढते. मी गेलो. पुढे माग चालू होते. राजव्वा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. केस पांढरे. मला बघून चेहरा उजळला. मी विचारलं, कशी आहेस? तिनं फक्त माझ्या ओठांकडे पाहिलं. नरसय्यानं हातानं खूण केली, दोन्ही गेले.

खिडकीपाशी, तिच्या जुन्या जागेवर, सून कांड्या भरत होती. अठरा-एकोणीसची असेल, हातावरची हळद अजून उतरली नव्हती. राजव्वानं माझा हात धरला, सुनेकडे बोट दाखवलं, आणि सगळ्या मागांच्या वर आवाज काढून म्हणाली, “अण्णा, हिचा कान लई चांगला हाय. माज्यापेक्षा चांगला. तुमचा फोम लावता का?”

मी सुनेकडे पाहिलं. काही म्हटलं असतं तरी राजव्वाला ऐकू गेलं नसतं. सून मात्र ऐकत होती, पण आमचं नाही. तिची मान किंचित खिडकीकडे वळलेली होती. मला चार मागांचा एकच गदारोळ ऐकू येत होता. त्यातलं तिनं काहीतरी टिपलं, शेजारच्या टोपलीतून हिरवी कांडी उचलली आणि कुणी मागायच्या आत खिडकीत धरली.